परमिट रूमचे ‘नवे व्यवस्थापन’ आणि वस्तीचे मत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली परमिट रूम या वर्षाच्या आरंभी पंधरा दिवस बंद होती. ती पुन्हा उघडली तेव्हा जुना निळा फलक गेला होता, दर्शनी भागाला काळ्या काचा बसल्या होत्या आणि दारावर इंग्रजीत तीन शब्दांची पाटी लागली होती : ‘अंडर न्यू मॅनेजमेंट’. पक्षाच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करणे हे माझे काम असल्यामुळे अशा पाट्यांचा अर्थ शेजारीपाजारी मला विचारतात. मी सांगितले, ‘नवे व्यवस्थापन’. त्यावर पहिल्या मजल्यावरील एका आजींनी विचारले, “म्हणजे मालक बदलला का गं?” मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे घडले ते या न दिलेल्या उत्तराभोवतीच घडले, म्हणून ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा बेळगाव येथील वाचकांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ‘परमिट रूम’ हे नाव १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आले. आता त्या कायद्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे. या कायद्याप्रमाणे दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. असा परवानाधारक जेथे बसून पितो ती परमिट रूम. गिऱ्हाइकाचा परवाना प्रत्यक्षात क्वचितच कोणी पाहतो. परंतु दारूबंदीच्या नावाने केलेला कायदा दारूच्या उत्पन्नावर सरकारी तिजोरी भरतो, ही विसंगती त्या नावात कायमची कोरली गेली आहे.

आमची वस्ती गिरणगावातली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल आणि मनोरे उभे राहिले. मधल्या गल्ल्यांतून काही चाळी अजून तग धरून आहेत. त्या चाळींबरोबर ही परमिट रूमही तग धरून होती. चार लाकडी बाकडी, बशीत उकडलेले चणे आणि गल्ल्यावर उधारीची वही, एवढाच तिचा थाट होता.

वस्ती काय म्हणते?

पाटी लागल्यापासून आठवडाभर नळावर, पानाच्या गादीवर आणि गॅलरीत याखेरीज दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाला मत होते आणि ते मत त्याच्या त्याच्या खिशाशी जुळणारे होते.

निवृत्त गिरणी कामगारांचे म्हणणे असे की ही जागा आपल्यापासून हिरावून घेतली. एक काका म्हणाले, “पूर्वी क्वार्टर घेऊन दोन तास बसता यायचं. आता आत पाऊल टाकायच्या आधी दारातला दांडगा माणूस चपला बघतो.” उधारीची वही बंद झाली. ज्यांची उधारी राहिली होती त्यांच्याकडे मात्र वसुलीसाठी माणूस येऊन गेला.

कचेऱ्यांतून काम करणाऱ्या तरुणांना बदल पसंत होता. वस्ती सुधारते आहे, खोल्यांचे भाव वाढतील, असा त्यांचा हिशेब होता. चाळ पाडली गेली तर त्या वाढलेल्या भावात आपणास येथे राहता येईल काय, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. समोरच्या मनोऱ्यातील रहिवाशांची तक्रार फक्त रात्री आडव्या लागणाऱ्या मोटारींविषयी होती. अंडाभुर्जीच्या गाडीवाल्याला वीस पावले दूर हटण्याचा हुकूम मिळाला होता. बारमध्ये दोनशे रुपयांना मिळणाऱ्या भुर्जीच्या आड त्याची भुर्जी येते, एवढाच त्याचा अपराध.

स्त्रियांची मते एकसारखी नव्हती, ही गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. काहींना वाटले, बरे झाले. घरच्या माणसाला परवडणार नाही, तर निदान तो पगाराच्या दिवशी तेथे बसणार नाही. दुसऱ्या म्हणाल्या, तो दूरच्या देशी दारूच्या दुकानात जातो आणि आता त्याला शोधायला आणखी लांब जावे लागते. तिसऱ्या प्रकारची तक्रार तरुण मुलींची होती. क्लासवरून किंवा कामावरून रात्री परतताना गल्लीच्या तोंडाशी मोटारीला टेकून उभे असलेले अनोळखी घोळके आणि त्यांचे शेरे. एकीने मला सांगितले, “आधीचे पिणारे निदान ओळखीचे होते. कोणाचा बाप, कोणाचा काका. नजर खाली करायचे.”

या साऱ्या मतांत एक गोष्ट समान होती. आत कोण बसतो, याविषयी प्रत्येक जण बोलत होता. आत कोण राबतो, याविषयी कोणीही बोलत नव्हते. मीही नाही.

पहिला अर्ज

महिला मंडळाने ठरविले की परमिट रूम बंदच करावयाची. महाराष्ट्रात त्यासाठी कायदेशीर मार्ग आहे. पुरेशा स्त्रियांनी मागणी केली तर मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले की परवाना बंद होतो. गावोगावच्या कष्टकरी स्त्रियांनी या मार्गाने दारूची दुकाने बंद पाडली आहेत. मागे ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांनीच पुढे होऊन मिळविलेला हा अधिकार आहे आणि त्याला कमी लेखणाऱ्यांत मी नाही.

अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो मन लावून लिहिला. ‘सामाजिक स्वास्थ्यास घातक’, ‘वस्तीच्या सांस्कृतिक जीवनावरील आक्रमण’ असे शब्दप्रयोग त्यात होते आणि खरे सांगावयाचे तर ते मला आवडलेही होते. दोन दिवसांत त्यावर शंभराहून अधिक सह्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी त्या परमिट रूममधील एक वयस्क वेटर उभे होते. मूळचे उडुपीकडचे, बावीस वर्षे याच जागी. मुले त्यांना अण्णा म्हणतात. ते म्हणाले, “ताई, तुम्ही अर्ज लिहिता असं कळलं. आमचा पण एक लिहून द्या.”

हकिकत थोडक्यात अशी. अकरा कामगारांपैकी सात जणांना, दुरुस्तीसाठी जागा बंद झाली त्या दिवशी, ‘पुन्हा उघडेल तेव्हा कळवू’ असे तोंडी सांगण्यात आले. ती उघडली, त्यांना कोणी कळविले नाही. त्यांच्या जागी ठेकेदाराची मुले आली. अण्णा जुन्या शेटांकडे गेले. शेट म्हणाले, “आता मी चालवत नाही, नव्या माणसाला विचार.” ते नव्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, “तू माझा कामगारच नव्हेस, जुन्या शेटला विचार.” वरच्या माळ्यावर झोपण्याची जागा होती, तीही गेली. बावीस वर्षांच्या नोकरीचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. होते ते एक जुने ओळखपत्र, आणि पोलिसांच्या पडताळणीसाठी कधीकाळी भरून दिलेल्या अर्जाची प्रत.

आणि भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना? अण्णांनी सांगितले, त्यावर अजून जुन्या शेटांचेच नाव आहे. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा मिळाले. मालक बदललाच नव्हता.

चालविणारा एक, मालक दुसरा

मुंबईत याला ‘कंडक्टिंग’ म्हणतात. परवाना एकाचा, धंदा चालविणारा दुसरा. पहिल्याला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. हा व्यवहार वर्षानुवर्षे आडून चालत आला. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला उघड मान्यता दिली : सीलबंद विदेशी मद्याची दुकाने आणि परमिट रूमचे परवाने कराराने दुसऱ्यास चालवावयास देता येतील; त्यासाठी वार्षिक परवाना शुल्काच्या अनुक्रमे १५ व १० टक्के अधिक रक्कम सरकारला द्यावी लागेल. त्याच निर्णयात मद्यावरील करही वाढविले गेले आणि त्यातून सुमारे १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. पुढे १४ जुलै २०२५ रोजी करवाढीच्या निषेधार्थ बारमालकांनी एक दिवस बंदही पाळला.

या व्यवहाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. परवाना म्हणजे सरकारने दिलेली परवानगी. ती आता भाड्याने देण्याजोगी मालमत्ता झाली. परवानाधारक घरी बसून भाडे खातो, चालविणारा ते भाडे आणि आपला नफा अशा दोहोंची वसुली करतो, सरकार दोघांकडून आपला वाटा घेते. हे तीन वाटे कोठून निघतात? थोडे गिऱ्हाइकाच्या खिशातून, आणि उरलेले वेटर, स्वयंपाकी आणि भांडी घासणारा पोऱ्या यांच्या पगारातून. ‘मी मालक नव्हे’ असे म्हणणारे दोन मालक एकाच दुकानात निर्माण होतात आणि कामगाराला मात्र एकही उरत नाही.

कायद्यातील तोच शब्द

त्या रात्री मी माझ्या कामाची पुस्तके काढून बसले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २५ एफएफ हे कलम होते. एखाद्या उद्योगाची मालकी किंवा व्यवस्थापन कराराने अथवा कायद्यान्वये नव्या मालकाकडे गेले, तर तेथे किमान एक वर्ष सलग काम केलेल्या प्रत्येक कामगाराला, जणू त्याची कपातच झाली आहे असे समजून, सूचना आणि भरपाई मिळावी, असे ते कलम सांगते. एक महिन्याची लेखी सूचना किंवा तिच्या बदल्यात पगार. आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. ही भरपाई टाळावयाची असेल तर तीन अटी पाळाव्या लागतात : नोकरीत खंड पडता कामा नये, नव्या अटी जुन्यांपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि पुढे कपात झाल्यास जुनी सारी वर्षे धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने पत्करली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कामगारांच्या दृष्टीने त्या संहितेत आक्षेपार्ह असे पुष्कळ आहे. परंतु ही तरतूद तिच्यातही राहिली आहे.

मालकी किंवा व्यवस्थापन! दारावरच्या पाटीत मालकाने गिऱ्हाइकासाठी जो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, तोच शब्द कायद्याने कामगारासाठी लिहून ठेवला आहे. पाटी हाच पुरावा आहे. बावीस वर्षे म्हणजे ३३० दिवसांचे, सुमारे अकरा महिन्यांचे वेतन, अधिक सूचनेचा एक महिना.

दुसरी गोष्ट. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याची बहुतेक बंधने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांपुरती होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचे ठरविले. अकरा कामगारांची परमिट रूम अशा रीतीने संरक्षणाबाहेर ढकलली जाते. हस्तांतराच्या भरपाईचा हक्क मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही. लहान जागांतील कामगारांच्या हाती जी थोडी हत्यारे उरली आहेत त्यांपैकी हे एक आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. मलाही त्या रात्रीपर्यंत ते केवळ एक भाषांतरित वाक्य म्हणून ठाऊक होते.

वस्तीने पूर्वी काय केले?

दारूच्या जागेचा प्रश्न निघाला की नीतीची चर्चा वेतनाची चर्चा गिळून टाकते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००५ साली डान्स बारवर बंदी घालण्यात आली. समाज बिघडतो की नाही यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत भरपूर वाद झाला. स्त्री-चळवळीतही त्यावर मतभेद होते. बंदीमुळे ज्या हजारो स्त्रियांची रोजी बुडाली त्यांचे मत मात्र सर्वांत शेवटी ऐकले गेले. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरविली आणि नंतरच्या कायद्यातील अनेक अटीही २०१९ साली रद्द केल्या. तोवर त्या स्त्रिया कोठल्या कोठे फेकल्या गेल्या होत्या.

केवळ टाळे ठोकण्याने काय साधते, हेही आपण पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दीर्घ लढा देऊन २०१५ साली दारूबंदी मिळविली. २०२१ साली सरकारने ती उठविली. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली. ती सारी गरीब माणसे होती. ज्याला परमिट रूम परवडत नाही तो पिणे सोडत नाही. तो अधिक स्वस्त आणि अधिक घातक जागा शोधतो.

मग व्यवस्थापन सरकारने हाती घ्यावे काय? तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ मद्यविक्री सरकारी महामंडळाकडे आहे. तेथील विक्रेते नोकरीत कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करीत आले आहेत. दिल्लीत नोव्हेंबर २०२१ मध्ये सारी दुकाने खासगी झाली आणि सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा सरकारी महामंडळांकडे गेली. आंध्र प्रदेशात २०१९ साली दुकाने सरकारने घेतली, २०२४ साली ती पुन्हा खासगी परवानेदारांकडे गेली आणि त्या दुकानांतील कर्मचारी रस्त्यावर आले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती महसुलाची आणि भ्रष्टाचाराची. कामगार प्रत्येक फेऱ्यात सामानासारखा मोजला गेला.

नव्या व्यवस्थापनाचे एक वेगळे उदाहरणही आपल्याच देशात आहे. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करावयास घेतली, कामगार कपातीत निघाले. कॉ. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था उभारल्या. १९५७ साली बंगळूरची संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी दिल्लीत कामगारांनी चालविलेले कॉफी हाउस उघडले, १९५८ साली केरळात त्रिचूरला. देशातील अनेक शहरांत ती आजही चालू आहेत. केरळात ताडी कामगारांसाठी १९६९ पासून कायद्याने स्थापन केलेला कल्याण निधी आहे. ताडी वाईट की चांगली हा वाद तेथेही संपलेला नाही. परंतु तो वाद चालू असताना ताडी काढणाऱ्याच्या म्हातारपणाची सोय थांबून राहिलेली नाही.

दुसरा अर्ज

चौथ्या दिवशी मी महिला मंडळाच्या बैठकीत सांगितले की माझा अर्ज अपुरा आहे आणि तो मला पुन्हा लिहावयाचा आहे. बैठक सोपी गेली नाही. ज्यांचे यजमान दारूने गेले अशा एक ताई म्हणाल्या, “त्याच्या पेल्यात ओतणारे हात यांचेच होते. यांच्यासाठी मी सही करू?” या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईल असे ज्याला वाटते त्याने अशा घरात एक रात्र काढावी. मी एवढेच म्हटले की ओतणारा हात बदलला आहे, ओतणे थांबलेले नाही. हात बदलल्याने आपले काही सुटले का, ते पाहावे. त्या गप्प राहिल्या. सही त्यांनी केली नाही.

शेवटी दोन कागद झाले. पहिला राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलिसांकडे : गल्लीत मोटारी उभ्या राहू नयेत, रात्री दहानंतर बाहेर आवाज येऊ नये, बंद करण्याची वेळ पाळली जावी, मुलींच्या वाटेवर दिवे आणि गस्त असावी; आणि या गोष्टी घडल्या नाहीत तर आडव्या बाटलीच्या मतदानाची मागणी करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवीत आहोत. दुसरा कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे, सात कामगारांच्या नावाने, वस्तीतील रहिवाशांच्या पाठिंब्यासह. ‘सामाजिक स्वास्थ्यास घातक’ हे शब्द दोन्हींत नाहीत.

सातांपैकी दोघांनी सह्या मागे घेतल्या. दुसऱ्या बारमध्ये कामाचे आश्वासन मिळाले होते आणि तेथे ‘अर्जवाला’ म्हणून नाव होणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. पाच उरले आहेत. तारीख लागायची आहे. जुन्या शेटांचे वकील म्हणतील की हे हस्तांतर नव्हे, नव्याचे वकील म्हणतील की तो मालक नव्हे. लढाई जिंकली असे सांगण्याजोगे आज माझ्याजवळ काही नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या शाखांतील कॉम्रेड्सना सुचवावीशी वाटते. आपण जेथे राहतो तेथे एखादे हॉटेल, बार, दवाखाना किंवा शाळा ‘नव्या व्यवस्थापना’खाली गेली की वस्ती लगेच मत देऊ लागते. ते मत ऐकावे. त्यातील स्त्रियांची भीती आणि म्हाताऱ्यांची हळहळ खरी असते. पण त्याआधी मागच्या दाराने जाऊन तीन प्रश्न विचारावेत : काल येथे कोण कामाला होते, आज ते कोठे आहेत, आणि त्यांच्या हाती कोणता कागद आहे? कागद नसेल तर तो पाटी लागण्यापूर्वी तयार करावयास मदत करावी. हजेरीची नोंद, पगार जमा झाल्याचा दाखला, ओळखपत्राची प्रत, सहकाऱ्यांच्या साक्षी, काहीही चालेल. अण्णांच्या बाबतीत आम्ही पंधरा दिवस उशिरा पोचलो, आणि मी तर त्याच इमारतीत राहते.

त्या कलमाचे मराठी मी साध्या भाषेत लिहून चाळीच्या फळ्यावर लावले आहे. पाण्याच्या वेळांच्या सूचनेखाली ते आहे, त्यामुळे सगळे वाचतात. परवा शेजारच्या लाँड्रीतला मुलगा ते वहीत उतरवून घेत होता. त्यांचे दुकानही कोणी ‘चालवावयास’ घेणार आहे म्हणे.